कमोडमागची फट

कारखान्यात त्याला टकटक्या म्हणत. जॅमच्या बाटल्या गरम भरल्या जायच्या, झाकणं लागायची, आणि थंड होऊन त्या पट्ट्यावरून त्याच्यासमोर यायच्या. हातातल्या बारीक सळईनं तो प्रत्येक झाकणावर हलकी टिचकी मारायचा. झाकण घट्ट बसलेलं असेल तर 'टिण्ण' असा स्वच्छ आवाज यायचा. कुठे केसाएवढी फट राहून आत हवा शिरली असेल तर नुसतं 'बद्द'. बद्द वाजलेली बाटली बाजूला. मिसरूड फुटताना तो या कामाला लागला आणि केस पिकले तरी तेच करत राहिला. मधल्या काळात हे काम करणारं यंत्र आलं. यंत्रानं पास केलेल्या बाटलीलाही तो जाता जाता टिचकी मारायचा. साहेब म्हणायचे, "मारू द्या, त्याच्या हाताला खाज आहे."

अशा कामानं माणसाचा स्वभाव घडतो. टकटक्याच्या लेखी जगात वस्तूंचे दोनच प्रकार होते, गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या. आणि जिच्यातून काही बाहेर आलेलं दिसत नाही, ती न गळणारी. पुढे जे झालं त्याचं मूळ या समजुतीत आहे.

घर अरुंद, दोन मजली. वर तो आणि त्याची बायको. बायको एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती आणि दिवसभर पालकांशी गोड बोलून उरलेलं सगळं तिखट घरी आणायची. लोखंडी जिना घराच्या बाहेरून खाली उतरत होता. खाली रस्त्याच्या बाजूला दोन खोल्या होत्या, तिथे त्याची थोरली बहीण राहायची. ताई शिवणकाम करायची. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. नवरा गेल्यावर यानंच तिला इथे आणलं. आणताना एवढंच म्हणाला, "खोल्या रिकाम्याच आहेत. सध्या उंदीर राहतात, त्यापेक्षा तू राहा." ताई हसली आणि शिलाई मशीन हातगाडीवर घालून आली.

त्या दिवशी तिनं मनाशी काहीतरी ठरवलं असावं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण वागण्यातून दिसायचं. या घरात कुरकूर करायची नाही. पाणी कमी येतंय असं वाटलं की ती आधीच बादल्या भरून ठेवायची. दार फुगलं तर खांद्यानं रेटायची. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "छान आहे की सगळं."

तर एका सकाळी बायको संडासातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, कमोड हलतंय. बसलं की नावेत बसल्यासारखं वाटतं."

"बघतो."

"बघू नका, प्लंबर बोलवा."

"प्लंबर कशाला? चार स्क्रू तर आहेत."

"तेच म्हणतेय. चार आहेत. तुम्ही काम केलं की एखादा उरतो."

हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. घरातले नळ, दिव्यांची बटणं, खिडक्यांच्या कड्या, सगळं त्यानंच दुरुस्त केलं होतं आणि बरंचसं चालत होतं. घरातल्या वस्तूला परक्याचा हात लागला की त्याला अस्वस्थ व्हायचं. फ्लशची टाकी एकदा रात्रंदिवस वाहायला लागली होती, तेव्हा सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून त्यानं असं वॉशर बसवलं की टाकी पुन्हा कधी बोलली नाही.

सुट्टीच्या दिवशी त्यानं पाण्याचा कॉक बंद केला, बाही वर सारली आणि कमोडचे स्क्रू पाहिले. दोन गंजलेले होते. ते बदलले, घट्ट पिळले. तरीही कमोड एका अंगाला डुगडुगत होतं, कारण खालची फरशीच वरखाली होती. त्यानं प्लॅस्टिकच्या डब्याच्या पातळ पट्ट्या कापून खाली सारल्या. डुगडुग थांबली. आता राहिली कमोडच्या बुडाभोवतीची फट. त्यासाठी तो हार्डवेअरच्या दुकानात पांढरं सिमेंट आणायला गेला.

"कमोडला का?" दुकानदारानं पुडा देताना विचारलं. "मागची बाजू उघडी ठेवा हं. दोन बोटं."

"का?"

"तशीच ठेवतात."

"उघडंच ठेवायचं तर लावायचं कशाला?"

दुकानदार काही सांगणार होता, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक रंगाचा डबा घेऊन तणतणत आलं. टकटक्या पुडा काखेत घालून निघाला. वाटेत त्याला हसू आलं. उघडी ठेवायची म्हणे. बाटलीला झाकण लावा, पण मागून थोडं सैल.

ते काम त्यानं जीव ओतून केलं. मागची बाजू भिंतीला इतकी जवळ होती की गाल फरशीला टेकवून, हात वाकडा करून त्याला सिमेंट भरावं लागलं. दिसत नव्हतं म्हणून बायकोचा पावडर लावायचा आरसा मागवला. चमच्याच्या पाठीनं गोलाई काढली, ओल्या फडक्यानं पुसली. सुकल्यावर कमोडला सळईनं टिचकी मारली. टिण्ण. मग फ्लश ओढला, पुन्हा ओढला, पुन्हा ओढला. फरशी कोरडी.

बायको दारात उभी राहून बघत होती. "छान झालंय. आता इथेच पाट मांडते."

पण तिला खरंच आवडलं होतं. पुढचे काही दिवस जो येईल त्याला ती संडास दाखवायची. ताईलाही वर बोलावून दाखवला. ताईनं त्या गोलाईवरून बोट फिरवलं. "शिवण कुठे आहे तेच कळत नाही रे," ती म्हणाली. तिच्याकडून याहून मोठं कौतुक नसतं.

त्यानं एक गोष्ट केली नव्हती. कमोड उचलून खाली पाहिलं नव्हतं. कमोडची मान जिथे जमिनीतल्या पाइपात शिरते तो सांधा, कमोड कित्येक महिने नकळत हलत राहिल्यानं, तडकला होता. प्रत्येक फ्लशला तिथून थोडं पाणी सुटायचं, अर्धा पेला किंवा त्याहून कमी. आधी ते बुडाखालून फरशीवर यायचं आणि घरातल्यांना वाटायचं, कुणीतरी पाय धुतले असतील. आता ती वाट बंद झाली. वर सगळं कोरडं, गुळगुळीत, बघण्यासारखं. पाणी खाली जायला लागलं.

खाली ताईचं शिलाई मशीन होतं.

छतावरचा पहिला डाग फिकट चहासारखा होता, बशीएवढा. ताईनं तो पाहिला आणि तिला वाटलं, सुकेल. मग तो ताटाएवढा झाला. मग रंगाला फोड आले आणि एके दिवशी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पडद्यावर चिमूटभर भुगा पडला. तिनं पडदा धुतला, इस्त्री केली, वेळेवर दिला. पलंग आतल्या खोलीत नेला. मशीन नेता येत नव्हतं, कारण उजेड फक्त याच खिडकीतून यायचा आणि आताशा तिला दिव्याखाली सुई ओवायला त्रास व्हायचा.

तेव्हा तिनं तिला जे येत होतं ते केलं. अस्तराचे उरलेले तुकडे जोडून एक मोठी चादर शिवली. चहूबाजूंनी दुहेरी पट्टी घातली, कोपऱ्यांना दोऱ्या लावल्या आणि भिंतीतल्या चार खिळ्यांना बांधून मशीनवर कापडी छत ताणलं.

टकटक्या खाली क्वचितच जायचा. संध्याकाळी ताईच वर यायची. पण त्या आठवड्यात कसल्याशा कामानं तो उतरला आणि वर बघत राहिला.

"हे काय, तंबू ठोकलास?"

"धूळ पडते रे. लोकांचे कपडे असतात."

त्यानं कापड बोटानं वाजवून पाहिलं. ढोलकीसारखं ताणलेलं होतं. "मस्त बसलंय," तो म्हणाला. "एक सुरकुती नाही." भाऊ-बहीण थोडा वेळ त्या छताकडे बघत उभे राहिले. दोघांनाही नीट केलेलं काम आवडायचं.

उन्हाळा गेला, थंडी आली. वर संडासात वास यायला लागला. आधी बायकोला, मग तिच्या मैत्रिणीला, जिनं नाकाला रुमाल लावला.

"वास येतोय," बायको म्हणाली.

"फिनाईल टाक."

"टाकलंय. आधी फिनाईलचा येतो आणि त्याच्यामागून दुसरा येतो."

तो खाली बसला आणि सिमेंटच्या गोलाईवरून बोट फिरवून आणलं. पुढून, बाजूनं, मागून. तिच्यासमोर बोट धरलं. "बघ. कोरडं."

"मी बोटाबद्दल बोलतच नाहीये."

"गळत असतं तर दिसलं असतं."

तिनं फिनाईलची बाटली पुन्हा उचलली. कमोडजवळच्या दोन फरशांचा रंग गडद झाला होता. पायाखाली त्या गार लागायच्या, उन्हाळ्यातही. बायको म्हणायची, बरं वाटतं.

खाली कापडी छताला पोट सुटायला लागलं. मधोमध ते थोडं लोंबायचं, मग आणखी थोडं. टकटक्यानं एकदा दारातूनच विचारलं, तर ताई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "वारं भरतं त्यात." खिडकी बंद होती. पण तो घाईत होता.

दर काही दिवसांनी ताई एक कोपरा सोडायची, खाली बादली धरायची आणि कापड झटकायची. गिलाव्याचे पोपडे, वाळू, गंजाच्या तांबूस पापड्या, सगळं बादलीत पडायचं. मग पुन्हा कोपरा बांधायची, केस झटकायची आणि लोक उठायच्या आधी बादली नाक्यावरच्या कचरापेटीत रिकामी करून यायची. पोपडे पहिल्यांदा नखाएवढे होते. मग तळहाताएवढे यायला लागले.

अशाच एका पहाटे बायको दूध घेऊन येत होती. तिला ताई बादली घेऊन जाताना दिसली.

"ताई, एवढ्या सकाळी काय?"

"चिंध्या गं. साचल्या होत्या."

बायको वर आली, दूध तापत ठेवलं. दूध वर आल्यावर गॅस बंद केला. मग म्हणाली, "अहो, चिंध्यांची बादली कुणी दोन हातांनी उचलतं का?"

टकटक्या दाढी करत होता. त्यानं अर्धा गाल तसाच ठेवला आणि जिना उतरला.

ताई मशीनवर बसलेली होती. तो आला तरी पाय थांबले नाहीत. बादली रिकामी करून आलेली असूनही छताचं पोट तिच्या डोक्यावर हातभर लोंबत होतं. त्यानं टेबलावरची लाकडी मोजपट्टी घेतली आणि पोटाला खालून ढोसलं. पोट उचललं गेलं आणि जडपणे परत खाली बसलं.

"ऊठ," तो म्हणाला.

"एवढी बाजू—"

"ऊठ, ताई."

ती उठली. त्यानं एक कोपरा सोडला. वाळू, दगडाचे तुकडे, गंज आणि शेवटी तपकिरी पाण्याची बारीक धार. वर छताचा गिलावा फुगून खाली आला होता आणि त्यातून स्लॅबच्या सळयांच्या लाल रेघा उमटल्या होत्या. कोपऱ्यातला झाडू उलटा धरून त्यानं दांड्यानं भिंतीलगत टिचकी मारली. टक. हातभर पुढे. टक. खिडकीपाशी. टक. मग मशीनच्या बाजूला.

बद्द.

त्यानं आणखी पुढे मारली. बद्द. खुर्चीच्या वर बद्द. मशीनच्या वर बद्द. आयुष्यभर त्यानं अशी बाटली हातानं बाजूला सारली होती. हे सारता येणार नव्हतं. वर नक्की काय आहे याचा त्यानं मनात हिशेब लावला. लावायची फारशी गरज नव्हती.

"कधीपासून आहे हे?"

"आहे की थोडे दिवस."

"ताई."

"तू ते वरचं बसवलंस ना, त्यानंतर."

"आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तू इतकं छान केलं होतंस," ताई म्हणाली. "ती सगळ्यांना दाखवत होती. मी कुठे मधे पाय घालू?"

त्यानं झाडू ठेवला. आणि निघायच्या आधी, का ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही, सोडलेला कोपरा पुन्हा खिळ्याला बांधला. घट्ट, दोन गाठी मारून.

"वर चल. छत ठीक होईपर्यंत इथे पाऊल ठेवायचं नाही."

"तो पडदा आज द्यायचा आहे रे. एक बाजू राहिलीय."

"राहू दे."

वर बायकोनं ताईला स्वयंपाकघरात खुर्ची दिली, चहाचं आधण ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तरी बोलवा कुणाला."

"बोलव. तोवर मी मागचं फोडतो. आत पाणी साचलंय, ते वर येऊ दे. खाली जायला नको."

यात त्याचं चुकत नव्हतं. आणि परक्या माणसानं येऊन आपली ती गोलाई फोडताना बघायची त्याची तयारी नव्हती, हेही होतंच. त्यानं कॉक बंद केला, छिन्नी आणि हातोडी घेतली आणि पूर्वीसारखाच गाल फरशीला टेकवून आडवा झाला. फरशी गार होती. आता ती का गार आहे ते त्याला कळत होतं.

पहिल्या दोन-तीन घावांत काही झालं नाही. सिमेंट पक्कं बसलं होतं, त्याचं कामच तसं. मग एक कपचा उडाला आणि आतून काळं पाणी फरशीवर आलं. वास असा की त्याचे डोळे भरून आले. पाणी येतच राहिलं. त्यानं छिन्नी सरकवली आणि पुन्हा घाव घातले. प्रत्येक घाव कमोडमधून फरशीत, फरशीतून खाली उतरत होता. त्याला वाटलं, खालची खोली रिकामी आहे, वाजू दे.

हातोडी उचलून तो दम घ्यायला थांबला. गाल फरशीलाच होता. त्याला खालून आवाज आला. खडखड, खडखड, खडखड. एका लयीत, मधेच सावकाश, कोपरा वळताना व्हावा तसा.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "ताई, साखर किती घालू? ताई? अहो, ताई कुठे गेल्या?"

तो फरशीत तोंड घालून ओरडला. खालचं मशीन चालूच राहिलं. मशीन चालू असताना ताईला काही ऐकू यायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तो उठला, ओल्या फरशीवर घसरला, दाराच्या चौकटीला धरून सावरला आणि जिन्याकडे धावला. निम्म्या जिन्यात असताना मशीन थांबलं.

मग तो आवाज आला.

खोलीत नुसता धुरळा. कापडानं त्याला जमेल तेवढा वेळ ते वजन धरून ठेवलं होतं. टकटक्यानं मारलेल्या गाठी सुटल्या नाहीत, कापडच मधून फाटलं. पोट एकदम खाली येताना बघून ताईनं पाय थांबवले आणि अंग मागे टाकलं, त्यामुळे डोकं वाचलं. उजवा हात सुईजवळ पडदा धरून होता, तो तिथेच राहिला. छताचा मोठा तुकडा मशीनवर आडवा पडला होता आणि हात त्याखाली होता.

टकटक्यानं तुकडा उचलला. तो एकट्या माणसानं उचलण्यासारखा नव्हता.

ताईचा चेहरा पांढरा झाला होता, धुरळ्यानं आणि धुरळ्याखालूनही. ती म्हणाली, "तो पडदा आधी बाजूला घे. रक्त लागेल."

प्लंबर आणि गवंडी बायकोनं बोलावले. कमोड उचललं गेलं तेव्हा टकटक्या संडासाच्या दारात उभा होता. तडकलेला सांधा प्लंबरनं बोटानं दाखवला आणि नवा बसवला. कमोड परत ठेवून भोवतीनं सिमेंट लावलं आणि मागे दोन बोटं फट ठेवली. त्यानं का ते सांगितलं नाही आणि टकटक्यानं विचारलं नाही. सिमेंट लावताना प्लंबरचा हात जरा ओबडधोबड होता. टकटक्यानं तेही पाहिलं.

ताईचं मनगट जुळलं. दोन बोटं वाकत नाहीत. आता ती फक्त सरळ शिलाईची कामं घेते, डाव्या हातानं कापड सरकवते, हळूहळू. तिनं पुन्हा कापडी छत लावायचं नाव काढलं तेव्हा टकटक्यानं चारही खिळे भिंतीतून उपटून काढले.

रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी तो कमोडमागे वाकतो आणि फटीत बोट घालतो. बायको बाहेरून म्हणते, "हजेरी लागली का?" बोट कोरडं असतं. तेवढ्यावर त्याचा विश्वास बसत नाही. मग तो सळई काठीला बांधून खाली उतरतो आणि ताईच्या छताचा नवा गिलावा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवून बघतो. ताई मशीनवर बसून वाट बघते.

"काय म्हणतंय?"

"ठीक वाजतंय."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?"

परवाही असंच झालं. तो काठी भिंतीला टेकवत होता. वळता वळता त्यानं विचारलं, "आणि हात?"

"छान आहे की," ताई म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं मांडीवरच्या पडद्याचं टोक उजव्या हातावर ओढून घेतलं. दाराशी कारखान्याच्या बसचा भोंगा वाजला.

तो गेला नाही. स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

"तुझी बस आली," ताई म्हणाली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "दाखव."